दूध येतंय का, एवढंच विचारतो आपण

लेक बाळंतपणासाठी पुण्याहून माहेरी आली, तेव्हा नाशिकला थंडी पडायला लागली होती. इंदिरानगरच्या घरात मी महिनाभर आधीपासून तयारीला लागले होते. डिंक, खारीक, हळीव, खसखस, बाळंतशेपा, ओवा, शतावरी कल्पाचे दोन डबे. अंग चोळायला आणि बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींना आगाऊ सांगून ठेवलेलं. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे यादी केल्याशिवाय मला काम सुचत नाही. यादीतली एकेक वस्तू घरात आली आणि मला वाटलं, झाली आपली तयारी.

सिझर झालं, नात झाली. सिझरनंतर दूध उतरायला थोडा जास्त वेळ लागू शकतो हे तेव्हा मला माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशीही चिकाचे थेंबच येत होते. भेटायला येणारा प्रत्येक जण बाळाच्या मुठीत नोट ठेवायचा आणि विचारायचा, "दूध येतंय ना?" विहीणबाई फोनवर विचारायच्या, शेजारच्या काकू दारातूनच विचारायच्या. सगळ्यात जास्त वेळा विचारत होते मी. सकाळी खीर देताना, दुपारी पान वाढताना, रात्री दिवा मालवताना.

तिच्या उशीखाली एक दोनशे पानी वही असायची. पट्टीने रकाने आखलेले: वेळ, बाजू, मिनिटं, शू. "२.१०, डावी, २५. ३.४०, उजवी, ३०. ४.५५, डावी, ४०." पानामागून पानं. मला तिचं कौतुक वाटायचं, माझ्यावर गेली म्हणायचे. एका रात्री पाणी प्यायला उठले, तर ती भिंतीला टेकून बसलेली, बाळ छातीशी, आणि गालावरचं पाणी ओघळून बाळाच्या टोपड्यावर पडत होतं. मी जवळ गेले, पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "रडू नकोस गं. रडलीस तर दूध आटेल."

हे मी मायेनंच बोलले होते. माझी आईही मला हेच म्हणाली होती. पण त्या रात्री माझ्या लेकीला माझ्याकडून मिळालं ते एवढंच, की आता रडायचीही सोय नाही.

दीड महिन्याच्या लसीला आम्ही बाळाला घेऊन गेलो. वजन छान वाढलं होतं, म्हणजे दूध पुरत होतं. डॉक्टरीणबाईंनी मग लेकीच्या हातात दहा प्रश्नांचा एक कागद दिला आणि मला बाहेर बसायला सांगितलं. १९८७ साली एडिंबरोमध्ये तयार झालेली ही प्रश्नावली, जगभर वापरतात. गेल्या सात दिवसांत हसू येतं का, विनाकारण स्वतःला दोष देता का, घाबरल्यासारखं होतं का, झोप लागत नाही इतकं उदास वाटतं का, असे साधे प्रश्न. गुण तिसांपैकी. साधारण तेरा किंवा त्याहून जास्त आले की नीट तपासणी करावी असं मानतात. माझ्या लेकीचे एकोणीस आले. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. तिथेही तिचं उत्तर "कधीच नाही" असं नव्हतं.

दीड महिना ती माझ्या डोळ्यांसमोर होती. ती किती वाट्या खीर खाते ते मला माहीत होतं.

लेकीच्या परवानगीनं हे सगळं उघड लिहिते आहे, कारण मला एक गोष्ट ठामपणे मांडायची आहे. आपण बाळंतिणीची सगळी काळजी दुधाच्या वाटेनं करतो. जेवण दुधासाठी, झोप दुधासाठी, तिनं आनंदी राहायचं तेही दुधासाठी. आईचं मन हा दुधाचा एक मसाला होऊन बसतो. स्तनपान टिकावं असं खरंच वाटत असेल, तर हा क्रम उलटा करायला हवा. आधी आई, आणि तीही दुधासाठी नव्हे, तिच्यासाठी.

भारतातल्या ३८ अभ्यासांचा आणि वीस हजारांवर आयांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. त्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण २२ टक्के निघालं. साधारण पाचांत एक. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारं रडू वेगळं. ते निम्म्याहून अधिक आयांना येतं आणि दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. नैराश्य ओसरत नाही, बसून राहतं. "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही," असं माझ्या वयाच्या बायका म्हणतात तेव्हा मला आमच्या गावातल्या दोघी-तिघी आठवतात. एकीला बाळंतवात झाला म्हणत होते, एकीला बाहेरची बाधा म्हणून देवऋष्याकडे नेलं होतं. आजार तेव्हाही होताच, फक्त त्याला कुणी आजार म्हटलं नाही.

आता दुधाचा आणि ह्या आजाराचा संबंध काय? सोपं उत्तर दोन्ही बाजूंनी मिळतं. एक म्हणतात, पाजल्यानं आईचं मन शांत राहतं, म्हणून पाजाच. दुसरे म्हणतात, पाजण्याच्या सक्तीनंच बायका खचतात, पावडरचा डबा आणा आणि मोकळ्या व्हा. ब्रिटनमधल्या सुमारे चौदा हजार जन्मांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात संशोधकांनी एक शहाणपणाची गोष्ट केली: आईनं पाजलं की नाही एवढंच न बघता, तिला पाजायचं होतं की नव्हतं हेही बघितलं. ज्यांना पाजायचं होतं आणि जमलं, त्यांच्यात नैराश्याचा धोका सगळ्यात कमी दिसला. ज्यांना मनापासून पाजायचं होतं आणि जमलं नाही, त्यांच्यात सगळ्यात जास्त. म्हणजे इच्छा धरून बसलेली आणि हात टेकलेली बाई सगळ्यात जास्त जोखमीत असते. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक बाळंतीण ही इच्छा धरूनच खोलीत शिरते. त्यामुळे हा निष्कर्ष आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त लागू पडतो, असं माझं मत आहे.

गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट ही की दोन्ही गोष्टी एकमेकींना ओढतात. प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकामुळे दूध तयार होतं, पण ते बाहेर येतं ऑक्सिटोसिनमुळे. आपण ज्याला पान्हा फुटणं म्हणतो ते हेच. भीती, वेदना, लाज, चिंता ह्यांनी ऑक्सिटोसिन अडतं. दूध असतं, पण सुटत नाही. बाळ चिडतं, आई घाबरते, आणखी अडतं. स्तनाग्रांना चिरा पडलेल्या बाईला बाळानं तोंड लावलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. सुरुवातीच्या दिवसांत पाजताना ज्यांना तीव्र दुखतं, त्यांच्यात पुढे नैराश्य जास्त आढळतं. उलट, गरोदरपणापासूनच जी उदास आहे तिचं पाजणं लवकर सुटतं. आधी काय झालं ह्याचा छडा लावत बसण्यात अर्थ नाही, दोन्ही टोकांना एकाच वेळी हात घालावा लागतो.

म्हणजे "रडलीस तर दूध आटेल" ह्या माझ्या वाक्यात थोडं शास्त्र होतं. पण ते मी नको त्या माणसाला ऐकवलं. ते मला कुणीतरी ऐकवायला हवं होतं.

ह्या सगळ्यानंतर एका परिचित वैद्यबाईंनी मला सुश्रुतसंहितेतला एक संदर्भ दाखवला. शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात दूध का जातं ते सांगितलंय: क्रोध, शोक, वात्सल्याचा अभाव वगैरे कारणांनी. आणि उपाय सांगताना पहिलं काय येतं? सौमनस्य. आधी तिचं मन प्रसन्न करून मग गहू, जव, लसूण, शतावरी ही यादी. मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. माझ्या यादीत शतावरीचे दोन डबे होते. घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या ती यादी आली, आणि तिच्या आधीचा शब्द वाटेत कुठेतरी गळून पडला.

वात्सल्याचा उल्लेख तिथे आहे, पण तो आईवर आरोप म्हणून वाचू नये. नैराश्य आलेल्या आईला बाळाबद्दल काही वाटेनासं होतं, हे त्या आजाराचं लक्षण आहे. माझी लेक एकदा म्हणाली, "आई, ती रडते तेव्हा मला दुसऱ्या कुणाचं तरी बाळ रडतंय असं वाटतं." हे बोलायला तिला किती धीर लागला असेल. आपण मात्र आईपण असं रंगवून ठेवलंय की अशी बाई तोंडच उघडू शकत नाही. हिरकणीची गोष्ट मी वर्गात वर्षानुवर्षं सांगितली. तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरणारी गवळण. मुलं श्वास रोखून ऐकायची. एसटी स्थानकांवरच्या स्तनपानाच्या खोल्यांनाही आपण हिरकणी कक्ष असंच नाव दिलं. पण कडा उतरल्यावर दुसऱ्या दिवशी तिचे हातपाय थरथरत असतील, तिच्या खरचटलेल्या पायांना कुणी हळद लावली का, हे मी एकाही वर्गाला विचारलं नाही. केंद्र सरकारनं ऑगस्ट २०१६ मध्ये स्तनपानासाठी देशव्यापी कार्यक्रम सुरू केला, त्याचं नाव "मा", म्हणजे मदर्स ॲब्सोल्यूट अफेक्शन. हेतू अतिशय चांगला. पण आईचं परिपूर्ण वात्सल्य असं नाव दिलं की सगळा भार एका जिवावर येतो, आणि ज्या घरानं, दवाखान्यानं, मालकानं तिला हात द्यायचा ते सगळे नावातूनच बाहेर पडतात.

स्तनपानाच्या बाजूनं मी आजही आहे. पावडरच्या दुधाच्या जाहिरातींवर बंदी घालणारा १९९२ चा कायदा झाला, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला, हे उत्तमच झालं. सहा महिन्यांपर्यंत निव्वळ अंगावर पाजण्याचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ६३.७ टक्के होतं, ते वाढायलाच हवं. पण त्याच सर्वेक्षणात जन्मानंतर पहिल्या तासात बाळाला छातीशी लावलेल्यांचं प्रमाण आहे ४१.८ टक्के, आणि दवाखान्यात होणारी बाळंतपणं आहेत ८८.६ टक्के. म्हणजे बाई दवाखान्यात आहे, नर्स शेजारी आहे, आणि तरी निम्म्याहून जास्त बाळांच्या बाबतीत तो तास हुकतो. हा काही आयांच्या वात्सल्यातला खोट नाही. भिंतीवर "आईचं दूध अमृत" असं पोस्टर आहे, पण बाळाचं तोंड स्तनावर नीट कसं धरायचं हे दाखवायला दहा मिनिटं कुणाकडे नाहीत.

माझ्या लेकीच्या बाबतीत काय झालं ते सांगते. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळी सुरू केली. सर्ट्रालिनसारख्या गोळीचा फार थोडा अंश दुधात उतरतो, म्हणून पाजणाऱ्या आईला सहसा तीच आधी देतात. मी लगेच म्हटलं, मग अंगावरचं बंद करू. डॉक्टर म्हणाले, एकदम तोडू नका, छाती दाटेल, गाठी होतील, ताप येईल, आणि तिला पाजायचंय. स्तनपान समुपदेशक बाईंनी तिची बसण्याची पद्धत बदलली, पाठीला उशी दिली, बाळाचं पोट आईच्या पोटाला लावलं. दुखणं चार दिवसांत कमी झालं. आणि रात्री सलग पाच तास झोप हवी, असं डॉक्टरांनी औषधासारखं लिहून दिलं. संध्याकाळी काढून ठेवलेलं दूध, आणि ते कमी पडेल त्या रात्री डॉक्टरांनी सांगितलेलं वरचं दूध, मी वाटी-चमच्यानं पाजायचं.

मी कुरकुरले. एकदा वरचं लागलं की बाळ अंगावर घेत नाही, असंच ऐकत आले होते. ही भीती अगदी खोटी नाही. मनाला येईल तेव्हा वरचं दिलं तर दूध खरंच कमी होतं, कारण बाळ जेवढं ओढतं तेवढंच ते बनतं. पण विचार करून, मापून, आईच्या झोपेसाठी दिलेला एक घोट आणि घाबरून धरलेली बाटली ह्यांत फरक आहे. रात्री दोन वाजता नातीला मांडीवर घेऊन मी चमचा-चमचा दूध भरवायचे आणि आतल्या खोलीत लेक झोपलेली असायची. वही कधी बंद झाली ते मला कळलंही नाही. नात आठ महिन्यांची असेपर्यंत अंगावर पीत होती. जावई रजा काढून पंधरा दिवस नाशिकला येऊन राहिले, तेव्हा चमचा त्यांच्या हातात गेला, आणि तेही छान भरवायचे.

आमच्याकडे डॉक्टर होते, पैसे होते, खोली होती. दिंडोरी तालुक्यात माझ्या भावाची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत तिथे पेठ-सुरगाण्याकडून मजूर कुटुंबं येतात. दोन महिन्यांचं बाळ झोळीत, आई मांडवाखाली हात वर करून घडांची विरळणी करतेय, दुपारपर्यंत ब्लाउज भिजलेला, ही दृश्यं मी लहानपणापासून बघितली आहेत. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनं २६ आठवड्यांची पगारी रजा आली, ती सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नोकरी असलेल्या बाईला. बागेतल्या ह्या बाईला सरकारच्या मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाचे पाच हजार मिळाले तर मिळाले. गोव्यात झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २३ टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं होतं, आणि त्यामागे गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी होणं ही कारणं ठळक होती. तेव्हा हा शिकलेल्या, शहरी बायकांचा लाड आहे असं कुणी म्हणालं, तर मी त्यांना आमच्या बागेत घेऊन जाईन.

तिथेच मला आशाताई, म्हणजे गावातल्या आशा स्वयंसेविका, भेटल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांच्या 'सर्च' संस्थेनं नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत सिद्ध करून दाखवली, आणि २०११ पासून ती देशभर आशांच्या हाती आली. दवाखान्यातलं बाळंतपण असेल तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, अशा सहा भेटी. आशाताईंच्या पिशवीत वजनकाटा होता, थर्मामीटर होता आणि एक फॉर्म. तो मी वाचला. आईबद्दलही प्रश्न आहेत: दिवसातून किती वेळा पोटभर जेवते, रक्तस्राव किती, ताप आहे का, दूध आलं नाही किंवा कमी वाटतं का, स्तनाग्रांना चिरा आहेत का, असंबद्ध बोलते का. हा शेवटचा प्रश्न बाळंतपणानंतरच्या तीव्र मनोविकाराकडे बोट दाखवतो, जो हजारांत एक-दोघींना होतो. पाचांत एकीला होणाऱ्या नैराश्यासाठी एकही प्रश्न नाही.

माझी मागणी छोटी आहे. त्या फॉर्मवर, दूध कमी वाटतं का ह्या प्रश्नाच्या लगेच खाली, दोन प्रश्न वाढवा. गेल्या पंधरा दिवसांत बऱ्याचदा उदास किंवा निराश वाटलं का? बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का? राज्यातल्या वैद्यकीय आणि नर्सिंग महाविद्यालयांचं शिक्षण ज्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून चालतं, ते आमच्याच म्हसरूळला आहे. प्रसूतीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थिनीनं आईला हे दोन प्रश्न कसे विचारले ह्याला गुण ठेवावेत, एवढं तिथून ठरू शकतं. परीक्षेत असतं तेच शिकवलं जातं, हे मी शिक्षिका म्हणून सांगते.

आशाताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, विचारायला माझं काय जातंय? पण ती हो म्हणाली, तर पुढं तिला नेऊ कुठं?"

हा प्रश्न माझ्या मागणीपेक्षा मोठा आहे. उत्तराचा काही भाग शेजारच्या देशात सापडतो. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत आपल्या आशांसारख्याच आरोग्यसेविकांना बोलण्याचे उपचार शिकवले गेले. नैराश्य असलेल्या आयांच्या घरी जाऊन त्या ते द्यायच्या. सहा महिन्यांनी त्या गटात २३ टक्के आया नैराश्यात उरल्या, आणि हे उपचार न शिकलेल्या सेविका ज्यांच्याकडे जायच्या त्या गटात ५३ टक्के. हा अभ्यास २००८ चा, आणि त्यावरची पुस्तिका जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली. पण त्यासाठी आशाताईंना प्रशिक्षण हवं आणि वेळेचे पैसे हवेत. सहा भेटींच्या ह्या कामाला सुरुवातीला मोबदला ठरला होता २५० रुपये. त्यात आणखी एक काम फुकट कोंबणं अन्याय होईल. आणि दाखल करायची वेळ आली, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तीन वर्षांखालच्या मुलाला सहसा आईपासून वेगळं करता येत नाही, हे दवाखान्यांनाही सांगायला हवं. त्यासाठी आई आणि बाळ एकत्र राहतील अशा खाटा लागतात. जिल्ह्याच्या नियोजनात त्या कुणीतरी मागायला हव्यात.

त्या दिवशी माझ्याकडे देण्यासारखी एकच गोष्ट होती: १४४१६. टेली मानस ह्या मोफत सरकारी सेवेचा क्रमांक, २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, रात्रीही लागतो. आशाताईंनी तो फॉर्मच्या मागच्या बाजूला बॉलपेननं लिहून घेतला. मग झोळीशेजारी बसलेल्या मुलीकडे बघत हळू आवाजात विचारलं, "फोनवर मराठीत बोलतात ना?"

मी म्हटलं, बोलतात.